झोप : आणायची की येऊ द्यायची?

मराठीत आपण अभ्यास करतो, व्यायाम करतो, जेवणही करतो. झोप मात्र ‘लागते’. भूक लागते, तहान लागते, तशीच ती लागते. आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत ‘निद्दे माडु’ असा प्रयोग आहे खरा, पण रात्री कूस बदलत पडलेला कन्नड माणूसही ‘निद्दे बरल्ला’, म्हणजे झोप येत नाही, अशीच तक्रार करतो. झोप ही आपण जोर लावून करण्याची गोष्ट नव्हे, हे दोन्ही भाषांनी अचूक ओळखले आहे. खाली ज्या उपायांची माहिती दिली आहे, त्या सर्वांचे मर्म एवढेच आहे.

परीक्षा जवळ आली की वसतिगृहातील दिवे उशिरापर्यंत जळतात, चहाच्या फेऱ्या वाढतात आणि पुस्तक मिटले तरी डोळे मिटत नाहीत. ‘झोप गेली तर गेली, तेवढाच अभ्यास झाला,’ असा हिशेब पुष्कळजण मांडतात. तो हिशेब जुळत नाही. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स व डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली. पाठांतरानंतर झोप घेतली तेव्हा त्यांना जेवढे आठवले, त्यापेक्षा तेवढाच काळ जागे राहिल्यावर पुष्कळ कमी आठवले. म्हणजे झोपेचे तास अभ्यासाच्या खात्यातून वजा करावयाचे नसतात.

आता शरीराकडे वळू. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याच्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपला स्नायू ताणलेला आहे हे माणसाला बहुधा कळतच नाही, हे त्यांचे मुख्य निरीक्षण. या पद्धतीचे आज रूढ असलेले सुटसुटीत रूप असे : उताणे पडावे, उजव्या हाताची मूठ पाच सेकंद आवळावी, ताण नेमका कोठे जाणवतो ते पाहावे आणि मग ती एकदम सोडून द्यावी. वीस-तीस सेकंद त्या हाताचा सैलपणा नुसता अनुभवावा. मग डावा हात, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या असे करीत पायांपर्यंत जावे. पोटरी फार आवळू नये, गोळा येतो! जबडा व कपाळ यांना मात्र घाईने उरकू नये. आकडेमोड करताना आपण दात किती आवळून धरतो हे तेथे समजते. ही सवय आहे, गोळी नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रथमच करून पाहण्यात अर्थ नाही. दोन-तीन आठवडे आधीपासून, शक्य तर दिवसाही, तिचा सराव हवा.

आपल्याकडील शवासनाचा मार्ग याच्या जवळचा आहे. हठप्रदीपिकेत ते श्रम हरण करणारे व चित्ताला विश्रांती देणारे म्हटले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो झोपेचा अभ्यास नव्हता, पण नुसते सैल पडून राहणे ही वैद्यकाने दखल घ्यावी अशी गोष्ट आहे, हे त्यावरून दिसले.

मात्र ‘आता दहा मिनिटांत झोप लागलीच पाहिजे’ म्हणून घड्याळाकडे पाहत शवासन केले, तर तेही जागरणच. व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रांकल यांनी अशांसाठी उलटाच उपाय सांगितला : अंधारात पडून जागे राहण्याचा प्रयत्न करा. झोपेसाठीची धडपड थांबते आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

दुसरा प्रश्न अंथरुणाचा. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेले नियम आजही प्रमाण मानले जातात. झोप येऊ लागली तरच आडवे व्हावे. अंथरूण झोपेसाठीच राखावे. पंधरा-वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून दुसरीकडे बसावे आणि पेंग आली की परत यावे. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी. वाचताना हे सोपे वाटते. पण खानापूर, चंदगडकडून येऊन बेळगावात एका खोलीत तिघे राहतात, तेथे खाट हेच टेबल, तीच बैठक आणि तीच भोजनशाळा! अशा खोलीत ‘दुसरीकडे’ कोठे जाणार? येथे घरची जुनी रीत कामाला येते. सकाळी वळकटी बांधून कोपऱ्यात ठेवावयाची, दिवसभर चटईवर बसावयाचे आणि रात्री झोपतानाच अंथरूण घालावयाचे. आजीने बूटझिन वाचला नव्हता, तरी अंथरूण आणि झोप यांची सांगड तिने घातलेलीच होती.

मनाचे काय? २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन व सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढे करावयाची कामे लिहिली, काहींनी झालेली. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना यात नवल वाटू नये. दिवसाची शिल्लक काढून ती पुढल्या पानावर ओढली की वही मिटता येते.

चहाकॉफीचे गणितही आमच्याच विषयातले आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन साचत जाते व त्यामुळे पेंग येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. प्रौढ माणसाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. घटत्या शिल्लक पद्धतीचा घसाराच म्हणा! रात्री दहाला घेतलेल्या चहाचे निम्मे कॅफीन पहाटे तीनला शिल्लक असते. चहा सोडा असे मी म्हणत नाही. शेवटचा कप दुपारी घ्यावा. मोबाइल उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, म्हणजे गजर बंद करण्यासाठी उठावे तरी लागते.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असे होत असेल आणि ते तीन महिने चालले असेल, तर हे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत, डॉक्टरांकडे जावे. मित्राने दिलेली झोपेची गोळी घेऊ नये. २०१६ मध्ये अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयानेही दीर्घकाळच्या निद्रानाशावर प्रथम गोळ्या नव्हे, तर विचार व सवयी बदलणारे उपचार द्यावेत अशी शिफारस केली. बूटझिनचे वरील नियम त्या उपचारांचाच भाग आहेत.