एक दुकान, सगळे समाज: व्हॉट्सॲपवर सगळ्यांचं कसं राहायचं?



मागच्या व्हिडिओत आपण व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग कसा बनवायचा ते बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच अडचण सांगितली: "सर, ग्रुप काढला, लोक जोडले, पण गिऱ्हाईक वाढेना. उलट लोक लेफ्ट होतात." आजचा धडा त्यावरच आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

माझी चूक

पाटोद्यात माझं कापडाचं दुकान आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर आपल्या बीड जिल्ह्यात वातावरण कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. दुकानाच्या ग्रुपवर सव्वातीनशे मेंबर होते, सगळ्या जातीधर्मांचे. एका रात्री एकाने मेसेज टाकला: अमक्या समाजाच्या दुकानातून माल घेऊ नका. मी तो सकाळी बघितला. म्हटलं, आपण कशाला मध्ये पडायचं, दोन दिवसांत लोक विसरतील. साधा डिलीटसुद्धा केला नाही.

दोन दिवसांत साठ जण बाहेर पडले. त्यात एक काका होते. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता माझ्याच दुकानात बांधला होता. रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "टाकणाऱ्याचा राग नाही रे बाबा. पण ग्रुप तुझा होता ना?" धाकटीचा बस्ता जामखेडला बांधला गेला.

आता कायदा बघा. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू होता हे दिसावं लागतं. म्हणजे कोर्टात तुम्ही सुटाल. गिऱ्हाइकाच्या मनातून सुटणार नाही. तुम्ही गप्प बसलात, की लोक त्याचाही अर्थ लावतात.

जनसंपर्क म्हणजे नुसती जाहिरात नाही

बीबीएला असताना जनसंपर्काचे चार प्रकार शिकलो होतो. जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी ते १९८४ मध्ये मांडले. पहिला, नुसता गाजावाजा. दुसरा, माहिती देणं. तिसरा, लोकांचं ऐकायचं, पण त्यांना आपल्या बाजूला वळवण्यापुरतं. चौथा, ऐकून स्वतःसुद्धा बदलायचं. परीक्षेत पाठ करून लिहिलं आणि दुकानात मात्र पहिलाच प्रकार चालवला: रोज दहा फोटो आणि 'सेल सेल सेल'. चौथा प्रकार कळायला एक बस्ता गमवावा लागला.

तुमचं गिऱ्हाईक एक गर्दी नाही

समाज म्हटलं की आपल्या डोक्यात आधी जात येते. पण दुकानदाराने आधी लोकांचा दिनक्रम बघावा. आपल्या भागातली किती तरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ती पहाटेपासून फडात असतात. सकाळी दहाला टाकलेला फोटो त्यांच्यासाठी नाहीच. त्यांना मी संध्याकाळी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवतो: "ताई, एप्रिलच्या लग्नासाठी साड्या आल्यात, दोन बाजूला ठेवू का?" लांब मेसेज वाचायला कुणाला वेळ नसतो, आवाज मात्र ऐकतात. शिक्षक आणि बँकेतले लोक याउलट. त्यांना फोटो, किंमत आणि साइज एकदम लागतं.

सणांचंही तसंच. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला, रमजान ईद ३१ मार्चला आणि आंबेडकर जयंती १४ एप्रिलला होती. पंधरा दिवसांत तीन मोठ्या खरेद्या! रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून माल भरायचं कॅलेंडर दरवर्षी नव्याने करायचं.

मी आता पाळतो ते पाच नियम

१. विचारल्याशिवाय कुणाला जोडायचं नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बायकांना याचा जास्त त्रास होतो. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून बिल देतानाच नंबर सेव्ह करायला सांगा.

२. लेबल गरजेवरून लावा, आडनावावरून नको. माझी लेबलं 'बस्ता', 'शाळेचा ड्रेस', 'ऊसतोड, एप्रिलला परत' अशी आहेत. २०२५ मध्ये आपल्या बीड पोलिसांनी नावाच्या पाट्यांवर आडनाव न लावता फक्त पहिलं नाव ठेवायला सुरुवात केली. पोलिसांना जे करावंसं वाटलं, ते दुकानदाराला तर आधीच सुचायला पाहिजे होतं.

३. शुभेच्छा सगळ्यांना, सूट सारखी. आधी मी ईदच्या शुभेच्छा ठरावीक लोकांना आणि जयंतीच्या ठरावीक लोकांना पाठवायचो. आता सगळं सगळ्यांना. पाडव्याला दहा टक्के दिले, तर ईदला आणि जयंतीलाही दहाच. लोक एकमेकांना बिलं दाखवतात, विसरू नका.

४. ग्रुप ठेवायचाच असेल तर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' ही सेटिंग लावा. आणि ज्या नंबरवर दुकान चालतं, त्याच्या स्टेटसवर राजकारण नको. स्वतःचं मत जरूर ठेवा, ते दुसऱ्या नंबरवर.

५. वाकडा मेसेज आला तर लगेच बोला. आधी डिलीट करा, मग चारचौघांत दोन ओळी लिहा: "हा ग्रुप दुकानाचा आहे. इथे कोणत्याही समाजाविरुद्ध मजकूर चालणार नाही. ज्यांचं मन दुखावलं, त्यांची मी माफी मागतो." पाठवणाऱ्याशी वेगळा फोनवर बोला. चारचौघांत त्याचा अपमान केला की नवं भांडण सुरू.

हे केल्यावर गिऱ्हाईक दुप्पट झालं, असं मी सांगणार नाही. ग्रुप सोडलेल्या साठांपैकी निम्मे परत आले असतील. मी काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, बस्त्याचा विषय काढला नाही. यंदा जूनमध्ये नातवाला घेऊन शाळेचा ड्रेस घ्यायला आले. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही घ्या. शेवटच्या पन्नास गिऱ्हाइकांची नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: ते मोबाइल कधी बघतात, वाचतात की ऐकतात, आणि त्यांची मोठी खरेदी कोणत्या महिन्यात असते. जिथे उत्तर येत नाही, तिथे मेसेज पाठवू नका; माणूस दुकानात आला की विचारा. मग गेल्या महिनाभराची तुमची स्टेटस आठवा. या पन्नासांपैकी एखाद्याला ते वाचून 'हे दुकान आपलं नाही' असं वाटलं असेल का?

तसं एखादं नाव सापडलं, तर उद्या सकाळी पहिला फोन त्यांनाच करा. विकायला नाही, विचारपूस करायला.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा जपा, माणसं जपा!