पान, फूल आणि निर्माल्य

आजचा श्लोक गीतेच्या ९व्या अध्यायातला २६वा. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने दिलेलं काहीही देव स्वीकारतो. पण दुसऱ्या दिवशी त्या फुलाचं काय?

नांदेडला गोवर्धन घाटावर आम्ही निर्माल्याची पिशवी गोदावरीत सोडायचो. मीही सोडली आहे, हात जोडून. पाण्यात फुलं कुजताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. तो फार घटला की मासे गुदमरतात. हे इंजिनिअरिंगला शिकलो होतो, तरी पिशवी सोडतच होतो!

लातूरची आजी मात्र निर्माल्य जास्वंदीच्या बुडाशी पुरायची. झेंडूच्या मऊ पाकळ्या जिवाणू आधी फस्त करतात. काड्यांमधलं लिग्निन चिवट, ते बुरशीचं काम. गांडुळं माती खाली-वर करतात, हवा खेळती राहते. फुलातलं नत्र, स्फुरद परत मुळांना मिळतं. ओलावा मात्र हवाच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आजीच्या खड्ड्यातली फुलं कुजलीच नाहीत, नुसता वाळून चुरा.

आता माझ्या बाल्कनीत भोकं पाडलेली बादली आहे. फुलांचा एक थर, वाळक्या पानांचे दोन. हारातला नायलॉनचा दोरा आणि जरी आधी काढायची, ती कुजत नाही. घाण वास आला तर समजा पाणी जास्त झालं. वाळका पाला टाका, हलवा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. मी ते तुळशीला घातलं. परवा तिला मंजिऱ्या आल्या, त्याच आज विठ्ठलाला वाहिल्या.