गाणं आवडतं, माणूस नाही

यवतमाळात ब्लॅक मेटल हा संगीतप्रकार ऐकणारे फारसे भेटत नाहीत, त्यामुळे या विषयावरची माझी बरीचशी भांडणं माझ्याशीच झाली. त्यातही मला ‘ॲटमॉस्फेरिक’ प्रकार आवडतो. लांबलचक गाणी, गिटारची न थांबणारी घरघर आणि तिच्याआड दबलेली किंकाळी. या प्रकाराचा पाया घालणाऱ्यांत नॉर्वेचा वर्ग विकर्नेस, म्हणजे त्याचा एकट्याचाच बँड ‘बुर्झुम’, पहिल्या रांगेत बसतो. पंचाईत तिथूनच सुरू होते. त्यातून मी स्वतःपुरतं ठरवलं ते असं.

१. आधी सगळं माहीत करून घ्यावं. एका संगीतकाराचा खून केल्याबद्दल आणि चर्च जाळल्याबद्दल विकर्नेसला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. २००९ मध्ये तो सुटला. २०१४ मध्ये ज्यू आणि मुस्लिमांविरुद्ध द्वेष चिथावल्याबद्दल फ्रान्सच्या न्यायालयाने त्याला पुन्हा दोषी ठरवलं. ‘फिलोसोफेम’ हा अल्बम त्याने खुनाआधी, १९९३ मध्ये रेकॉर्ड केला. तो बाजारात आला १९९६ मध्ये, तेव्हा विकर्नेस तुरुंगात होता. मुद्दाम हलका माइक वापरून केलेला हा अल्बम मला आजही अप्रतिम वाटतो. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता आल्या पाहिजेत.

२. ‘शब्द कुठे कळतात’ ही पळवाट आहे. शब्द शोधून वाचता येतात. बुर्झुमच्या त्या काळच्या गाण्यांत अंधार, जुनी दैवतं, दंतकथा सापडतात. प्रचार जवळजवळ नाही. ज्यांच्या गाण्यातच द्वेष आहे, ते बँड मी ऐकत नाही. चाल कितीही चांगली असो.

३. तरीही हिशोब इतका सरळ सुटत नाही. मला सर्वांत जास्त त्रास दिला तो या संगीतातल्या जंगलाने. ते जंगल नेहमी रिकामं असतं. बर्फ, धुकं, पुरातन झाडं, माणूस नाही. ऐकताना मन त्यात रमतं. पण मी वाढलो सागाच्या जंगलाशेजारी, पांढरकवड्याच्या बाजूला. तिथे जंगलात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत, मोहफुलं वेचणाऱ्या बाया आहेत, गुरं आहेत. बाहेरचं कुणी आलं नव्हतं तोवर सगळं शुद्ध होतं, ही ओढ सुरावटीत सुंदर लागते आणि भाषणात भयंकर. विकर्नेसचं राजकारण गाण्याबाहेर आहे असं मी म्हणतो खरं, पण त्याचं मूळ याच ओढीत असावं, असा मला दाट संशय आहे. हा संशय मनात ठेवूनच मी ऐकतो. मजा थोडी कमी होते, होऊ दे.

४. पैसा कुठे जातो ते पाहावं. अशा माणसाचा टी-शर्ट मी घेत नाही.

५. मी न ऐकणं वेगळं आणि कुणालाच ऐकू न देणं वेगळं. हे आम्हाला आमच्याच गावात कळलं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं, मग विरोधाच्या धाकाने निमंत्रण मागे घेतलं. उद्घाटन शेवटी शेतकरी आत्महत्येत पती गमावलेल्या वैशाली येडे यांनी केलं. सहगल यांचं न झालेलं भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि झालं असतं तर वाचलं नसतं इतक्यांनी वाचलं. तेव्हापासून बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहत नाही, मग बंदी विकर्नेसवर का असेना.

६. गाणं आवडणं आणि माणूस न पटणं मराठी माणसाला नवीन नाही. सावरकरांचं हिंदुत्व मुळीच न पटणारे ‘ने मजसी ने’ लागलं की गप्प होतात. कम्युनिस्टांचं नाव काढलं की चिडणारे अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ठेक्यात म्हणतात. यात मला ढोंग दिसत नाही. विसर मात्र दिसतो: अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते, हेच पुष्कळांच्या गावी नसतं.

७. दुसऱ्याला ऐकवताना आधी सांगावं. भाच्याला ‘फिलोसोफेम’ लावायच्या आधी मी सगळा इतिहास सांगितला. तो म्हणाला, “मामा, मले नाही ऐकाचं हे.” बरं म्हटलं, आणि पॅनोप्टिकॉन या बँडचा ‘केंटकी’ लावला. २०१२ चा हा अमेरिकन अल्बम कोळसा खाणकामगारांवर आहे. त्यात बँजो आहे, जुनी युनियनची गाणी आहेत, आणि राजकारण उघड डावं. भाचा वणीचा, कोळशाच्या पट्ट्यातला. दुसऱ्या गाण्याला त्याने आवाज वाढवायला सांगितला.