कर्ज घेणाऱ्याला वाचता येईल असा कागद

सातारा,
दिवाळी पाडवा

चि. सोनू हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा घरात फराळाची गडबड होती, धड बोलता आलं नाही. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या पुण्याच्या कंपनीत तू रुजू झालीस आणि अर्जांची छाननी करणारी प्रणाली घडवणाऱ्या गटात तुला घेतलं, हे ऐकून तुझ्या आजीने देवापुढे साखर ठेवली. तू म्हणालीस, "मामा, आमच्याकडे तीन मिनिटांत कर्ज मंजूर होतं." मी अठ्ठावीस वर्षं पतसंस्थेत काढली. अर्ज, जामीनदार, सातबारा, कर्ज उपसमितीची बैठक, असं करता करता आमच्याकडे तीन आठवडे सहज जात. तुझ्या तीन मिनिटांचं मला मनापासून कौतुक वाटलं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर काळजीही वाटली. आज सकाळी पेठेत वहीपूजन झालं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकू लागलेलं पाहिलं आणि ठरवलं, तुला सगळं सविस्तर लिहावं.

आधी कौतुकाचं लिहितो. आपल्या कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी तुला आठवत असेल. आयुष्यभर रोज दोन-तीन हजारांची उलाढाल केली, पण बँकेच्या दृष्टीने ती कुणीच नव्हती, कारण तिच्या धंद्याचा कागद नव्हता. एप्रिल २०१६मध्ये यूपीआय आलं. आज तिच्या टोपलीशेजारी पैसे जमा झाल्याचं मराठीत सांगणारा डबा असतो आणि तिची रोजची विक्री खात्यात नोंदली जाते. ऑगस्ट २०२३मध्ये देशात यूपीआयवर पहिल्यांदाच एका महिन्यात एक हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यात तिच्या मेथीच्या जुड्याही होत्या. कर्ज मागायला गेल्यावर दाखवायला तिच्याकडे आता स्वतःची अशी खातेवही आहे. आम्ही पतसंस्थेची माणसं पिग्मी एजंटाच्या पायपिटीतून जे थोडंफार साधत होतो, ते तुमच्या पिढीच्या तंत्राने घरोघर नेलं. हे लहान काम नव्हे.

पण खातेवही कुणाची, ती वाचतं कोण आणि कुणाला वाचता येत नाही, हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे. बारामती तालुक्यातल्या सुप्याला तू गेली आहेस, पण तिथे काय घडलं ते कदाचित ठाऊक नसेल. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी कर्जाच्या थैल्या मोकळ्या सोडल्या. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला, आणि सावकारांनी नवं कर्ज बंद करून जुन्याचा तगादा लावला. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारात जमले. त्यांनी सावकारांकडे आधी मागितल्या त्या वह्या आणि कर्जखतं, आणि हाती लागली तशी ती जाळली. बघता बघता हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचलं.

त्यांचा राग कागदावर होता, कारण त्या कागदांवर अंगठा त्यांचा होता आणि मजकूर दुसऱ्याचा. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असा आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे मात्र शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं उदाहरण आलं. असं व्याज चढवण्याची एक युक्ती तू नीट समजून घे. १८५९च्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षं केली होती, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकारांनी काय केलं, दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली. कुळाच्या संरक्षणासाठी केलेला कायदा कुळाच्याच गळ्यात पडला. आज एका अ‍ॅपचं कर्ज फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज घेणारी मुलं मी पाहतो, तेव्हा मला ती तीन वर्षांची खतं आठवतात. फरक एवढाच की तीन वर्षांचं काम आता तीस दिवसांत उरकतं.

पुढे १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. कुळाला पैशाची पावती मिळावी, दर वर्षी हिशेबाचा उतारा मिळावा, मागितल्यास पासबुक मिळावं, आणि खतावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता न्यायालयाने मूळ व्यवहार तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. सोनू, तुमच्या कंपनीला आज कर्जदारापुढे कर्जाच्या मुख्य अटी सांगणारं जे 'की फॅक्ट स्टेटमेंट' ठेवावं लागतं, ते या पावतीचं आणि पासबुकाचंच पणतवंड आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ते सक्तीचं केलं आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, असंही बजावलं. तुमच्यातल्या कुणाला ते आणखी एक कंटाळवाणं पान वाटलं, तर त्याला सुप्याची हकीकत सांग.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. ती मी तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. नोकरीची पहिली वर्षं होती. एकाने टेम्पोसाठी कर्ज मागितलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला जामीनदार म्हणून आणलं. गर्दीच्या दिवशी जामीनपत्राच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या आणि आकडे मागाहून भरायचे, अशी तेव्हा वहिवाट होती. मीही तेच केलं. दोन वर्षांनी कर्ज थकलं, सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुलीचा दाखला निघाला आणि वसुली जामीनदारावर आली. तो माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "साहेब, मी वीस हजारांना जामीन होतो ना?" कागदावर पन्नास हजार होते. सही त्याची होती, शिक्का बरोबर होता, कायद्याच्या दृष्टीने आमची बाजू भक्कम होती. त्याने दोन दुभत्या म्हशी विकून पैसे भरले. भरताना एक शब्दही वावगा बोलला नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक कर्जदाराला आणि जामीनदाराला सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. अर्धा तास जाई. वरिष्ठ म्हणत, कामाला वेग नाही. मी ऐकून घेई आणि पुढचा कागद वाचायला घेई.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगतो ती कागदाची, म्हणजे तुमच्या स्क्रीनची. हिशेब करून बघ. एखाद्याला दहा हजारांचं कर्ज मंजूर झालं, दीड हजार 'प्रोसेसिंग फी' आधीच कापली, हातात साडेआठ हजार पडले आणि तीस दिवसांनी दहा हजार भरायचे. जाहिरातीत 'फक्त पंधरा टक्के शुल्क' दिसतं. प्रत्यक्षात साडेआठ हजारांवर महिन्याला साडेसतरा टक्क्यांहून जास्त पडतात, वर्षाचा दर दोनशे टक्क्यांच्या वर जातो. सगळे खर्च धरून होणारा हा वार्षिक दर दाखवणं आता नियमाने बंधनकारक आहे. पण नियम पाळूनही आकडा लपवता येतो: बारीक अक्षरात, फिकट रंगात, तीनदा बोट सरकवल्यावर दिसेल अशा जागी. तो पहिल्या पानावर, हातात पडणाऱ्या आणि परत करायच्या रकमेच्या शेजारी, मोठ्या मराठी अक्षरांत यावा, असा आग्रह तू धर. मंजुरीला तीन मिनिटं लागतात ना, मग वाचायला चौथं मिनिट द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट फोनमधल्या माहितीची. काही वर्षांपूर्वी बेकायदा कर्ज-अ‍ॅप्सनी लोकांच्या फोनमधली नावांची यादी आणि फोटो उचलले. हप्ता चुकला की बहिणीला, मेव्हण्याला, ऑफिसातल्या साहेबाला फोन जाऊ लागले, फोटोंशी छेडछाड करून धमक्या दिल्या गेल्या. काहींनी जीव दिला. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले. त्यानुसार कर्जाच्या अ‍ॅपने संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो आणि फाइलींना हात लावायचा नाही, कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जायला हवी आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परत करण्याची सोय हवी. तू मात्र नियमाच्या एक पाऊल मागेच थांब. जी माहिती कर्ज देण्याचा निर्णय करायला लागत नाही, ती मागूच नको. आमच्याकडे गावातल्या प्रत्येकाचं घरगुती माहीत असे, पण ते अर्जाच्या मागे लिहून ठेवायची पद्धत नव्हती.

तिसरी गोष्ट तुमच्या मॉडेलची. ते शिकतं मागच्या नोंदींवरून, आणि मागच्या नोंदी बहुतेक पगारदारांच्या. महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा होतात तो माणूस त्याला शहाणा वाटतो. आपल्या ऊसवाल्याच्या खात्यात कारखान्याचं बिल येतं ते ऊस गेल्यावर, कधी दोन हप्त्यांत. मधले महिने खातं रिकामं. मॉडेल त्याला कर्जबुडवा ठरवेल. दूधवाल्याचं बिल दर दहा दिवसांनी येतं. त्याला महिन्याचा एकच हप्ता लावलात तर पैसा घरात खर्च होऊन जाईल आणि हप्ता चुकेल. त्याच माणसाला दहा दिवसांचा छोटा हप्ता लावा, सहज फेडेल. तुमच्या तंत्राची खरी कसोटी मला इथे दिसते. कर्जदाराच्या कमाईच्या चालीने चालणारा हप्ता आम्हाला कीर्द-खतावणीत ठेवणं जड जायचं, तुम्हाला तो एका दिवसात बसवता येईल. आणि ज्याला नकार दिलात त्याला कारण सांगता आलं पाहिजे. 'सिस्टिमने नाकारलं' हे कारण होत नाही. पिनकोड बघून एखाद्या वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज मागे पडत असतील, तर ते शोधणं तुझं काम आहे, कारण ते बाहेरून कुणालाच दिसणार नाही.

चौथी गोष्ट वसुलीची. कर्ज देताना सगळेच गोड असतात, संस्थेची नियत वसुलीत कळते. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा नियम आहे. थकल्यावर लावलेल्या दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवायचं नाही, हाही नियम आहे. मला यात दामदुपटीमागचीच शहाणीव दिसते: माणूस अडला म्हणून त्याला अमर्याद पिळायचं नाही. पण नियमाच्या पलीकडेही तुला काही करता येईल. हप्ता चुकण्याआधी माणूस अडचणीत आल्याच्या खुणा तुमच्या यंत्राला आमच्याहून लवकर दिसतात. त्या खुणांवरून वसुलीवाल्याला पाठवायचं की मुदत वाढवून द्यायला माणूस पाठवायचा, हे यंत्र ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मी नवी पोरगी, माझं कोण ऐकणार? ऐकतील, जर तू तोंडी कुरकुर न करता लिहून मांडलंस. जे पटत नाही ते ईमेलमध्ये तारखेनिशी, आकड्यांनिशी आणि पर्यायासकट लिही. ओरडण्यापेक्षा लेखी टिपण जास्त काळ टिकतं, आणि ज्याच्यापुढे ते जातं त्याला नंतर 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. आणखी एक घरगुती सल्ला. पहिल्या पगारापासून थोडं बाजूला टाक आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक होईपर्यंत नव्या गाडीचा हप्ता अंगावर घेऊ नकोस. कोऱ्या जामीनपत्रांवर सह्या घेताना मी गप्प राहिलो, त्याला वहिवाट हे कारण होतंच, पण घराचे हप्ते हेही कारण होतं. ज्याच्या गाठीला चार पैसे असतात त्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं.

तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही. तुझ्या कामामुळे माणसांना सावकाराच्या दारात जावं लागणार नाही, ही आशा मला खरी वाटते. फक्त लक्षात ठेव, ज्याचं तोंड तू कधी बघणार नाहीस अशा माणसाच्या घरातली म्हैस तुझ्या स्क्रीनवरच्या एका आकड्याला बांधलेली असते.

पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा तुमच्या कंपनीच्या कर्जाचं ते पान फोनमध्ये मराठीत घेऊन ये. आजीला वाचून दाखव. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण हिशेब पक्का. किती मिळणार, किती द्यायचे आणि चुकलं तर काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरं तिने न अडखळता दिली, तर तुमचा कागद चांगला. ती अडखळली, तर पुण्याला परत जाऊन तो पुन्हा लिही.

तुझा,
मामा