डेंजर आणि धोका

विजेच्या खांबावर तुम्ही कवटी व दोन हाडे काढलेली लाल पाटी पाहिली असेल. तिच्यावर ‘धोका’ किंवा ‘डेंजर’ असे लिहिलेले असते. हे दोन्ही शब्द नीट समजून घेऊ या.

‘डेंजर’ हा इंग्रजी शब्द. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये ‘डॉमिनस’ म्हणजे मालक. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द तयार झाला, त्याचा अर्थ मालकाची सत्ता असा होता. इ. स. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर असे अनेक फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. त्या काळी एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे त्याच्या ताब्यात असणे. मालक केव्हा दंड करील, याची भीती असे. म्हणून पुढे सत्तेचा अर्थ मागे पडला आणि संकट हा अर्थ उरला.

विजेला मात्र जुना अर्थही लागू पडतो. विजेची तार हातात धरली, की स्नायू आखडतात व हात सुटत नाही. माणूस विजेच्या ताब्यात जातो. अशा माणसाला हात लावू नका; आधी मेन स्विच बंद करा.

आता ‘धोका’ पाहा. आपल्या उर्दूत धोका म्हणजे फसवणूक. मराठीतही ‘धोका देणे’ म्हणजे दगा देणे. परंतु पाटीवरचा ‘धोका’ म्हणजे उर्दूतील ‘खतरा’. नगर-पाथर्डी रस्त्यावर करंजी घाट आहे. अशा घाटात ‘धोक्याचे वळण’ ही पाटी दिसली, तर वाहन सावकाश चालवावे. पावसाळ्यात कधी बातमी येते, ‘कोपरगावजवळ गोदावरीने धोक्याची पातळी ओलांडली.’ येथे नदीने कोणाला फसवलेले नसते. काठावरच्या लोकांनी सुरक्षित जागी जावे, असा तो इशारा असतो.

शब्द ओळखीचा वाटला, तरी तो कोणत्या भाषेत आणि कोठे वापरला आहे, हे पाहावे. परीक्षेत चूक झाली तर एखादा गुण जातो. पाटी वाचताना चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

शब्दार्थ : दगा – विश्वासघात; पातळी – पाण्याची उंची; इशारा – सावध करणारी सूचना.

स्वाध्याय
1. ‘डेंजर’ शब्दाचा मूळ अर्थ कोणता होता?
2. ‘धोका’ हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.
3. तुमच्या गावातील सूचनेच्या तीन पाट्या वहीत उतरवा व त्यांचा अर्थ उर्दूत लिहा.