चिमुकल्या अस्वलाचे सांधे

जर्मनीतील गींगेन येथे मार्गारेट श्टाइफ (१८४७-१९०९) या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने १८८० मध्ये फेल्टचा एक लहानसा हत्ती शिवला. टाचण्या टोचून ठेवण्यासाठी केलेला तो हत्ती मुलांनी खेळणे म्हणून आपलासा केला. १९०२ मध्ये तिचा पुतण्या रिचर्ड श्टाइफ याने केसाळ प्लश कापडाचे अस्वल तयार केले. त्याचे अवयव दोऱ्याने धडाशी जोडलेले असल्यामुळे ते फिरवता येत. मोठ्या अवयवांच्या ओढीने दोऱ्याचे सांधे सैल पडतात. म्हणून पुढे चकत्यांचे सांधे रूढ झाले. अगदी लहान खेळण्यात मात्र वजनच नसते. तेथे जुनी रीत आजही उपयोगी पडते.

आठ सेंटिमीटर उंचीच्या अस्वलाचा हात जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असतो. तेथे एक मिलिमीटरची चूक म्हणजे रुंदीचा दहावा हिस्सा होय. म्हणून आखूड लवेचे, सहज न उसवणारे कापड निवडावे. नमुना कापडाच्या उलट बाजूवर आखावा. प्रत्येक अवयवावर लव खालच्या दिशेने वळलेली असावी. शिवणीसाठी तीन मिलिमीटर कापड सोडून बारीक उलटी टीप घालावी. अवयव सुलटा करून चिमट्याने थोडाथोडा कापूस घट्ट भरावा. नाक व पावले प्रथम भरावीत. उरलेली फट लपत्या टाक्यांनी मिटवावी.

धड, डोके, हात व पाय असे वेगवेगळे तयार झाल्यावर डोके मानेशी पक्के शिवावे. धडाच्या दोन्ही बाजूंस खांद्यांच्या खुणा समोरासमोर कराव्यात. त्या चुकल्यास अस्वल वाकडे बसते. लांब सुईत मजबूत दुहेरी दोरा ओवून ती एका खुणेतून दुसऱ्या खुणेपर्यंत आरपार न्यावी. दोऱ्याचे टोक मागे मोकळे ठेवावे. तेथे हाताच्या फक्त आतील बाजूचे थोडे कापड सुईत घ्यावे. बाहेरचे कापडही टोचले गेले, तर हातावर खळगा पडतो. मग सुई धडाच्या त्याच छिद्रातून परत आणावी. छिद्र बदलले, तर हात फिरत नाही. दुसरा हातही तसाच घ्यावा. दोन-तीन फेऱ्यांनंतर दोरा ताणून, हात व धड यांच्यामध्ये मोकळ्या टोकाशी गाठ मारावी आणि टोके धडात लपवावीत. पायांचे सांधेही याच रीतीने करावेत.

वर उचललेला हात सोडल्यावर तेथेच थांबला, म्हणजे सांधा साधला असे समजावे. मण्यांचे डोळे लावलेले असे अस्वल तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये. सुटलेला मणी घशात अडकू शकतो.