आंबवणाची भांडी व त्यांचा थंडावा

सन 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिककडे द्राक्षमद्याचे कारखाने वाढले. तसा लहानसा उद्योग लोणारसारख्या गावी काढण्याचे एखाद्या बागाईतदाराच्या मनात आल्यास नवल नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखालील परवाना तर घ्यावाच लागतो. आम्ही येथे केवळ भांड्यांचा विचार करितो.

रस आंबू लागला म्हणजे त्यातून उष्णता निघते. शेकडा 20 साखरेचा रस पुरता आंबला व उष्णता बाहेर गेलीच नाही, तर हिशेबाने तो सुमारे 26 अंश सेल्सिअस तापेल. फाल्गुन-चैत्रात दुपारी काढलेला रस आपल्याकडे मुळातच 30 अंशांच्या घरात असावयाचा. आणि किण्व, ज्यास यीस्ट म्हणतात, ते 35 अंशांपलीकडे मलूल पडते. मग साखर अर्धवट राहते, इतर जंतूंचे फावते आणि सबंध पिंप ओतून द्यावे लागते.

भांड्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर रस आठपट मावतो, पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. म्हणजे उष्णता जाण्यास दर लिटरामागे निम्मीच जागा. याकरिता शीतयंत्र नसेल तर 500 लिटरांच्या एका पिंपापेक्षा 100 लिटरांची पाच बरी. घासण्याचे कष्ट वाढतात खरे. पिंपे स्टेनलेस पोलादाची असावीत. तांब्यापितळेची व जस्ताचा मुलामा दिलेली भांडी रसाच्या आंबटपणाने झिजतात. माठ गार राहतो, पण तो पाझरतो व त्याची छिद्रे धुतली जात नाहीत. म्हणून माठाचा गुण तेवढा बाहेरून घ्यावा: पिंपास गोणपाट गुंडाळून ते गोड्या पाण्याने सतत ओले ठेवावे व त्यास वारा लागू द्यावा. कोरड्या चैत्रात ही युक्ती उत्तम चालते. आषाढातील दमट हवेत ती जवळजवळ निरुपयोगी.

थंडाव्यासाठी जुने पेव किंवा तळघर कोणास सुचेल, तर ती कल्पना आम्ही साफ त्याज्य मानतो. वरील प्रकारच्या 100 लिटर रसातून सुमारे 5 घनमीटर कर्बाम्ल वायू निघतो. तो हवेहून जड असल्याने तळाशी साठतो, आणि पेवात उतरलेला मनुष्य हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. त्यास काढावयास उतरलेला दुसराही वर येत नाही. कंदील जळतो म्हणून आत जाणेही भ्रमाचे आहे, कारण दिवा तेवत असताही वायू घातक प्रमाणात असू शकतो.

पिंपे उत्तरेकडील पडवीत, दोन्ही बाजूंनी वारा वाहील अशी मांडावीत. झाकण गच्च लावू नये. वायू जाण्यास नळी बसवून तिचे टोक पाण्यात बुडवावे. उष्णतामापक सकाळ-संध्याकाळ रसातच बुडवून पाहावा, हाताच्या अदमासावर विसंबू नये. फळे पहाटे तोडून रस उन्हापूर्वी काढावा, म्हणजे आरंभीच काही अंश हाती राहतात.